नाकातलं फिलर: किती टिकतं ते नंतर विचारा

भाचीचं लग्न मार्गशीर्षात आहे. श्रावणातल्या एका दुपारी ती सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी आली ती चप्पल काढायच्या आधी मोबाइल पुढे करतच. रीलमध्ये एका मुलीच्या नाकावर मधोमध उंचवटा, पांढऱ्या कोटातलं कुणीतरी तिथे सुई टोचतं, आणि गाणं संपायच्या आत त्या नाकाची चाफेकळी झालेली. खाली ओळ: ऑपरेशन नाही, टाके नाहीत, जेवणाच्या सुट्टीत येऊन जा.

तो उंचवटा आमच्या घराण्याचा. माझ्या वडिलांना होता, मला आहे, भाचीच्या आईला आहे. भाचीने तो लग्नाच्या फोटोंपुरता तरी मिटवायचं ठरवलं होतं, आणि ‘आहे तेच नाक छान आहे’ हे ऐकून घ्यायला ती आलेली नव्हती. तिचे तीन ठिकाणी फोन करून झाले होते. एकाने सांगितलं, आमचं फिलर, म्हणजे नाकात भरायचं जेल, वर्षभर टिकतं. दुसऱ्याने सांगितलं, दीड वर्षाच्या वर. तिसरा म्हणाला, ताई, आमचं कायमचं, एकदाच खर्च. “मावशी, तू तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढलीस. सांग, कुठलं घेऊ?”

फ्रीज घेताना आपण जे करतो तेच ती करत होती: वॉरंटी जास्त त्याला मत. नाकाच्या बाबतीत हे गणित उलटं पडतं. का, ते सांगायला त्या दिवशी दोनदा चहा टाकावा लागला.

भर घालून नाक लहान कसं दिसेल?

पुण्यातला कुठलाही गतिरोधक डोळ्यांपुढे आणा. तो दिसतो आणि आपटतो, कारण त्याच्या अलीकडे-पलीकडे रस्ता खाली आहे. दोन्ही बाजूंना डांबर टाकून रस्ताच त्याच्या उंचीला आणला, तर गतिरोधक तिथेच राहील, पण गाडीला कळणार नाही. (चारदा डांबरीकरण झालेल्या रस्त्यांवर हे आपोआपच घडतं.) नाकाचंही तसंच. उंचवट्याच्या वर, म्हणजे दोन डोळ्यांच्या मधल्या खळग्यात, आणि खाली शेंड्याच्या अलीकडे थोडं जेल भरलं की बाजूने पाहताना रेघ सरळ येते. सरळ रेघेचं नाक नजरेला लहान वाटतं. मापाने ते किंचित मोठंच झालेलं असतं.

बसक्या नाकाची पाठ अशीच थोडी वर आणता येते. नाकपुड्यांमधला खांब वरच्या ओठाला जिथे टेकतो तिथे आधार दिला, तर झुकलेला शेंडाही जरासा उचलतो. यापुढे फिलरची हद्द संपते. रुंद नाकपुड्या अरुंद होत नाहीत, आतला वाकडा पडदा सरळ होत नाही, चोंदलेलं नाक मोकळं होत नाही. मुळात मोठं असलेलं नाक समोरून आणखी मोठं दिसण्याचीच शक्यता जास्त. तुमची तक्रार यांपैकी असेल, तर कुठलं फिलर हा प्रश्नच उरत नाही.

सिरिंजमध्ये असतं काय?

फिलर म्हणजे त्वचेखाली भर घालायचं इंजेक्शन. हा शब्द ‘भाजी’सारखा आहे. पालकही भाजी आणि बटाटाही भाजी. पदार्थ वेगळे, वागणूक वेगळी.

सगळ्यात जास्त वापरात असलेला पदार्थ हायल्युरॉनिक आम्ल. नावात आम्ल आहे म्हणून दचकू नका, हे जळजळणारं काही नाही. १९३४ मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गायीच्या डोळ्यातल्या काचेसारख्या द्रवातून वेगळं केलं. आपल्या त्वचेत, सांध्यांत, डोळ्यांत ते असतंच. साधारण सत्तर किलोच्या माणसात सगळं मिळून पंधरा ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश शरीर रोज मोडून नवं बनवतं. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता बहुतेक कंपन्या ते जिवाणूंकडून, दही विरजल्यासारखं, टाक्यांमध्ये बनवून घेतात. आमच्या घरी हा प्रश्न लगेच आला होता, म्हणून सांगितलं.

हे आम्ल नुसतंच टोचलं तर एक-दोन दिवसांत शरीर ते मोडून टाकेल. म्हणून कारखान्यात त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना रासायनिक गाठींनी बांधतात. सुटी लोकर आणि विणलेला स्वेटर यांत जो फरक, तोच इथे. विणलेलं जेल नाकासारख्या कमी हलणाऱ्या जागी साधारण नऊ महिने ते दीड वर्ष टिकतं, काहींमध्ये त्याहूनही जास्त. आणि हा स्वेटर उसवण्याची कात्री आपल्याकडे आहे. हायल्युरॉनिडेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, टोचलं की जेलचं पाणी पाणी होतं. दुकानात असताना मी त्याच्या कुप्या डोळ्यांच्या डॉक्टरांना देत असे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भुलीचं औषध नीट पसरावं म्हणून ते त्यात मिसळत. जुनं, साधं औषध आहे.

दुसरा पदार्थ कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट. आपल्या हाडांतलंच खनिज, त्याचे सूक्ष्म मणी जेलमध्ये मिसळलेले. रेडिएस या नावाने तो ओळखला जातो. चांगला ताठ असतो, वर्षभराच्या आसपास टिकतो. पण कात्री नाही. नको झाला तर शरीर जिरवेल तेव्हा जिरवेल.

तिसरे कायमचे. पीएमएमए हे ॲक्रिलिक, दातांच्या कवळ्या ज्याच्या बनतात ते. त्याचे मणी एकदा गेले की तुमच्याबरोबरच राहणार. आणि पातळ सिलिकॉन, ज्याला चेहऱ्यात टोचायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी कधीच मिळालेली नाही. तरी ‘लिक्विड’ अशा गोड नावाखाली ते जगभर टोचलं जातं. भाचीच्या तिसऱ्या फोनवरचं ‘कायमचं’ नेमकं काय होतं ते त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. “स्पेशल आहे मॅडम,” एवढंच.

कायमच्याची हौस नवी नाही. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नातल्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने भर घालण्यासाठी व्हॅसलिन टोचून पाहिलं, आणि पुढची काही वर्षं युरोप-अमेरिकेत खचलेल्या नाकांमध्ये पॅराफिनचं मेण टोचायची लाटच आली. सुरुवातीला नाकं सुरेख दिसली. मग मेण सरकायला लागलं, त्याच्या गाठी झाल्या, त्वचा फुटली, आणि ते काढायला सुरीशिवाय इलाज राहिला नाही.

श्रीखंड, खरवस आणि रव्याचा लाडू

म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल ठरलं. आता त्यातही कंपन्या, आणि एकेका कंपनीचे पाच-सहा प्रकार. ओठांचं वेगळं, गालांचं वेगळं. नाकाला कुठलं?

नाकाची त्वचा, विशेषतः शेंड्याकडे, घट्ट ताणलेली असते. ती खालच्या जेलला सतत दाबते. श्रीखंडासारखं मऊ जेल तिथे भरलं तर ते कडेला पसरतं. काही महिन्यांनी नाकाची पाठ उंच राहण्याऐवजी रुंद होते, दोन भुवयांपासून सरळ खाली आलेला ठोकळाच जणू. म्हणून हवा खरवस. हलवला तर थरथरतो, पण वडीचा कोपरा सोडत नाही. जेलच्या या ताठपणाला डॉक्टर ‘जी प्राइम’ म्हणतात. नाकाला तो जास्त लागतो.

ताठ असून भुसभुशीत असेल तरी उपयोग नाही. पाक कमी पडलेला रव्याचा लाडू कडक असतो, पण बोटाने दाबला की विखुरतो. जेलने एकत्र राहायला हवं.

तिसरा गुण पाणी पिण्याचा. रात्री भिजत घातलेला साबुदाणा सकाळी दुप्पट दिसतो. काही जेल टोचल्यानंतर अशीच फुगतात. नाकात मिलिमीटरभर फुगवटाही दिसतो आणि आतल्या रक्तवाहिन्यांना दाबतो, म्हणून इथे कमी पाणी पिणारं जेल बरं.

डबीवर लिहिलेलं ‘२० मि.ग्रॅ. प्रति मि.लि.’ पाहून लोक अंदाज बांधतात की आकडा मोठा म्हणजे जेल ताठ. तसं नाही. मैदा तेवढाच घेऊन पुरीही होते आणि शंकरपाळीही. गाठी कशा आणि किती मारल्या यावर वागणूक ठरते. रेस्टिलेनच्या घरातली किंवा ज्युविडर्म वोल्यूमासारखी, गाल-हनुवटीला आधार द्यायला बनवलेली जेल डॉक्टर नाकाला वापरतात ती या गुणांमुळे. नेमकं कुठलं हे तुमच्या त्वचेच्या जाडीवर आणि डॉक्टरच्या हाताला कशाची सवय आहे त्यावर सोडावं. रोज एका जेलने काम करणाऱ्याला दट्ट्यावर किती जोर लावला की किती बाहेर येतं हे बोटांत बसलेलं असतं. अमक्या कंपनीचंच द्या असा आग्रह धरून त्याला अनोळखी सिरिंज हातात देण्यात शहाणपण नाही.

कावसजीचं नाक

इथे मला पुण्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कावसजी हा इंग्रजी फौजेतला मराठी बैल हाकणारा. टिपू सुलतानाच्या लढाईत पकडला गेला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून त्याने माप घेतलं, पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ ओढली, आणि तेवढी कपाळाची कातडी सोडवून फिरवून खाली बसवली. सांध्यावर काथात भिजवलेल्या चिंध्या. हे पाहणाऱ्या इंग्रजांनी लिहिलेलं वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडनला तसंच ऑपरेशन केलं. आजही कर्करोगात नाक गेलं तर कपाळाची कातडी अशीच खाली आणतात.

त्या माणसाने कातडी पूर्ण सुटी केली नव्हती, यातच त्याची विद्या होती. दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवली आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, नाकाने मूळ धरल्यावर, ती कापली. त्या पट्टीतून रक्त येत होतं म्हणून कातडी जगली. ते रक्त डोळ्याच्या खोबणीतून येणाऱ्या धमनीचं.

कपाळाचा मधला भाग, नाकाची पाठ आणि डोळ्याचा पडदा यांना रक्त एकाच मोठ्या धमनीच्या फांद्यांतून मिळतं. डोळ्याकडून एक फांदी नाकावर उतरते, गालाकडून दुसरी चढते, आणि दोघी नाकावर हातात हात घालतात. जे कावसजीच्या कामी आलं, तेच फिलरच्या बाबतीत घातक ठरू शकतं.

सुई चुकून या धमनीत गेली आणि दट्ट्या दाबला, तर काय होतं? लक्ष्मी रस्ता एकेरी आहे. सगळी वाहनं एका दिशेने चाललीत. मागून कुणी जोर करून एक टेम्पो उलट्या दिशेने चौकापर्यंत रेटत नेला आणि तिथे सोडला, तर तो तिथून मिळेल त्या गल्लीत वाहतुकीबरोबर शिरेल आणि गल्ली बंद करेल. सिरिंजचा दाब रक्ताच्या दाबापेक्षा जास्त असतो. जेल उलटं, डोळ्याच्या दिशेने ढकललं जातं. दाब सुटला की रक्ताबरोबर पुढे निघतं आणि डोळ्याच्या पडद्याची धमनी तुंबवतं. यासाठी एक दशांश मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन थेंब पुरतात. पडदा रक्ताविना तासभर जेमतेम तग धरतो. धमनी नाकावरच तुंबली तर तिथली त्वचा आधी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर, दोन-तीन दिवसांत पुळ्या, आणि वेळेवर कुणी पाहिलं नाही तर काळी.

“पण असं कितीदा होतं? उगाच घाबरवतेस.”

क्वचित होतं, हे खरं. जगभर होणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने फारच थोडं. वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या प्रकरणांची मोजदाद काही डॉक्टरांनी २०१५ मध्ये केली, तेव्हा फिलरनंतर दृष्टीला इजा झाल्याची ९८ प्रकरणं सापडली. २०१९ मध्ये त्यांनी पुन्हा पाहिलं तर आणखी ४८. या ४८ मध्ये निम्म्याहून अधिक वेळा सुई टोचली होती ती नाकात. बऱ्याच जणांची दृष्टी परत आली नाही.

याच आकड्यांत एक गोष्ट आहे जी जाहिरातवाले उलटी फिरवतात. पहिल्या यादीत सगळ्यात जास्त प्रकरणं स्वतःची चरबी टोचण्याची होती, दुसऱ्या यादीत हायल्युरॉनिक आम्लाची. म्हणून कुणी सांगेल, बघा, आम्लच वाईट. आम्लाचा वापर इतका वाढला की यादीत तेच दिसणार. पुण्यात सगळ्यात जास्त अपघात दुचाकींचे होतात, कारण पुण्यात दुचाकीच जास्त आहेत. पण यातून एक कबुली द्यावीच लागते: कात्री असल्यामुळे अपघात टळत नाही. अपघातानंतर हातात काहीतरी असतं, इतकंच.

आणखी एक. अमेरिकेच्या त्या प्रशासनाने गाल, ओठ, हनुवटी यांसाठी बरीच फिलर मंजूर केली, नाकासाठी एकही नाही. नाकातला वापर हा डब्यावर न लिहिलेला वापर. बेकायदा नाही, औषधांच्या जगात नेहमीचाही आहे, पण कंपनीने नाकावर चाचणी करून हमी दिलेली नाही हे पेशंटला सही घेण्याआधी तोंडी सांगायला हवं.

“कात्री आहे तर काळजी कसली?”

कात्री असून उपयोग नाही, ती हाताशी हवी. त्वचेचा रक्तपुरवठा तुंबला तर हायल्युरॉनिडेज शेकडो युनिटांच्या मात्रेत, रंग परत येईपर्यंत तासातासाने द्यावं लागतं. एक कुपी पुरेलच असं नाही. रात्री साडेनऊला मेडिकल दुकानं पालथी घालून ते मिळेल या भरवशावर राहू नका. मी काउंटरच्या आतून सांगते, बहुतेक दुकानं ते ठेवत नाहीत. मधमाशी चावून ज्यांना मोठी ॲलर्जी येते त्यांनी हे आधीच सांगायचं, कारण मधमाशीच्या विषातही हेच विकर असतं. आणि डोळा तुंबला तर कात्रीचाही भरवसा कमी. वेळ फारच थोडा असतो आणि औषध नेमक्या जागी पोचवणं अवघड.

भाचीबरोबर मी दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी हायल्युरॉनिडेजचं नाव काढल्यावर रिसेप्शनवरची मुलगी हसली. “आमच्याकडे ते कधी लागलंच नाही, मॅडम.” अग्निशामक नळकांडं का नाही तर इथे कधी आग लागली नाही! दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर बाईंनी कपाट उघडून ट्रे बाहेर काढला. चार कुप्या, पंधराशे युनिटच्या. जुनी सवय, मी उलटून तारीख पाहिली. तीन चांगल्या होत्या, एकीची मुदत त्याच महिनाअखेर संपत होती. त्यांनी लगेच चिठ्ठी लिहून नवी मागवायला सांगितली. मला त्या बाई तिथेच पटल्या.

त्यांनी भाचीच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबला, सोडला, आणि पांढरा डाग लाल व्हायला किती वेळ लागतो ते तिलाच आरशात मोजायला लावलं. दोन सेकंद. “हे आजचं लक्षात ठेव. टोचल्यावर घरी गेलीस की असंच मोजायचं. चार-पाच सेकंद लागायला लागले, किंवा न थांबणारी कळ आली, की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन.” सावळ्या त्वचेवर पांढरेपणा पटकन कळत नाही, म्हणून ही मोजणी. शिवाय बहुतेक जेलमध्ये बधिरता आणणारं लिग्नोकेन मिसळलेलं असतं. सुरुवातीला दुखलं नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. नजरेत काहीही फरक, अंधारी, डोळ्यात कळ, असं झालं तर मात्र फोनवर वेळ घालवायचा नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं.

सुई की बोथट कॅन्युला?

कॅन्युला म्हणजे टोक बंद, बाजूला छिद्र असलेली लवचीक नळी. ती धमनीला भोसकण्याऐवजी बाजूला सारते, त्यामुळे धोका कमी होतो. शून्य होत नाही, आणि बारीक कॅन्युला सुईसारखीच शिरते. काही उत्तम डॉक्टर सुईच वापरतात: मधल्या रेषेत, थेट हाडाला-कूर्चेला टेकवून, अगदी हळू, थोडं थोडं. मोठ्या रक्तवाहिन्या बहुधा वरच्या थरांत आणि कडेला असतात, म्हणून खोल आणि मध्यावर. याची चर्चा पेशंटने फार ताणू नये.

‘पेन’ मात्र नकोच. सुईशिवाय, हवेच्या दाबाने जेल मारणारी ही पेनं ऑनलाइन मिळतात, पार्लरमध्येही दिसतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध इशारा दिला. जेल कुठे आणि किती खोल गेलं यावर कुणाचाच ताबा राहत नाही.

एक मिलिलिटर घेतलंय, मग पूर्ण का नको?

नाकापेक्षा मोती जड ही म्हण कुणी फिलर पाहून केलेली नाही, पण चपखल बसते. नावाजलेल्या कंपनीची एक सिरिंज पुण्यात साधारण वीस ते चाळीस हजारांच्या घरात पडते, आणि त्यात एक मिलिलिटर जेल असतं. पैसे दिलेत तर सगळं वापरा, हा आपला स्वभाव. पण बहुतेक नाकांना अर्ध्याच्या आसपासच लागतं. ताणलेल्या त्वचेखाली जास्त कोंबलं तर आतल्या रक्तवाहिन्या बाहेरून चेपतात. कमी भरून पंधरा दिवसांनी पुन्हा पाहणारा डॉक्टर दुसऱ्या फेरीची फी घेईल, घेऊ दे.

नाकाचं ऑपरेशन आधी झालेलं असेल तर हे आणखी महत्त्वाचं. पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सोसायटीला पाणी कमी दाबानेच येतं. त्यात वाटेतल्या दोन जोडण्या कापल्या गेल्या तर एका अडथळ्याने सगळी इमारत कोरडी. ऑपरेशनात रक्तवाहिन्या कापल्या गेलेल्या, वाटा बदललेल्या, व्रण धरलेले असतात. अशा नाकाला हात लावायला बरेच अनुभवी डॉक्टर नकार देतात. तो नकार ऐकून दुसरीकडे जाऊ नका.

मग सरळ ऑपरेशनच का करू नये?

काहींनी करावंच. उंचवटा मोठा असेल, श्वासाचा त्रास असेल, किंवा दर वर्षी फिलर घ्यायचा विचार असेल, तर पाच-सहा वर्षांचा फिलरचा खर्च मांडून पाहा. ऑपरेशनलाही भूल, सूज, वर्षभर बदलत राहणारा आकार आणि न आवडल्यास दुसरं ऑपरेशन हे सगळं आहेच. उलट, नाक बदलल्यावर आपण आरशात कसे वाटू हे आजमावायचं असेल तर विरघळणारं फिलर ही एक चाचणी आहे. खोडता येणाऱ्या पेन्सिलीने काढून बघणं. ही मुभा फक्त हायल्युरॉनिक आम्लात मिळते. कॅल्शियमवाल्यात नाही, कायमच्यात तर नाहीच.

डबा, स्टिकर आणि स्कार्फ

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, आणि फिलरही त्यातच मोडतं. आयात केलेल्या डब्यावर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक असायला हवा. डबा तुमच्यासमोर फोडायचा. आत बॅच क्रमांकाचे चिकटवायचे कागद असतात, त्यातला एक तुमच्या फाइलवर. उद्या काही झालं, अगदी दोन वर्षांनी गाठ आली आणि तुम्ही नाशिकला असलात, तरी तिथल्या डॉक्टरला आत काय आहे ते कळेल. टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन असावी, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. गरोदर असाल, चेहऱ्यावर पुळी-फोड असेल, दाताचं काम चालू असेल, तर थांबा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, मनाने बंद करू नका.

नंतरचं पथ्य फार नाही. नाक दाबायचं नाही, दोनेक आठवडे जड चष्मा नाही. पुण्यात खरी अडचण स्कार्फची. डोक्यावरून गुंडाळून नाकावर कचकन ओढून मागे गाठ मारायची ही आमची तऱ्हा ताज्या जेलला सोसणारी नाही, आणि बंद हेल्मेट चढवताना नाकावरूनच घासत जातं. भाची पंधरा दिवस रिक्षाने फिरली आणि रोजचं भाडं मला कळवत राहिली.

तिला लागलं चाळीस शतांश मिलिलिटर. डॉक्टर बाईंनी पाच-सहा वेळा थोडं थोडं टोचलं, दर वेळी थांबून शेंडा दाबून पाहिला. सगळं मिळून वीस मिनिटं. सिरिंजमध्ये निम्म्याहून जास्त जेल शिल्लक होतं. “ठेवता येईल का फ्रीजमध्ये? पुढच्या वेळेला?” भाचीने विचारलंच. एकदा सुई लागलेली सिरिंज परत वापरायची नाही, बाई म्हणाल्या, त्यात जंतू गेले तर तुझ्याच नाकात जातील, आणि कपाटात दहा उघड्या सिरिंज असल्या तर एखाद दिवशी कुणाची तरी कुणाला जाईल.

वापरलेल्या सुया टाकायच्या पांढऱ्या डब्याचं झाकण उघडलं, आणि जवळजवळ अठरा हजारांचं जेल सुईसकट आत पडलं. आम्ही दोघी त्या डब्याकडे बघतच राहिलो.